घरात स्टोव्ह होता का

कोल्हापूर, ११ मार्च २००८

चि. रूपाली,

तुझ्या पाकिटावर ‘श्री. जोतीराम यांस’ असं लिहिलंय. सख्ख्या मामाला कुणी ‘यांस’ म्हणत नाही. पण ज्यानं तुझ्या बापाचा उजवा हात मनगटापासून तोडला, त्याला तू मामा तरी कशाला म्हणशील? सतरा वर्षांत तुझं हे पहिलं पत्र, आणि तेही आकड्यांसाठी. चालेल. आकड्यांपुरतं उत्तर देतो.

मी तुला कसा सापडलो तेही कळलं. नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी तुला जुन्या मृत्यू रजिस्टरांच्या झेरॉक्स दिल्या आणि तू विचारलंस, एक्क्याण्णवपर्यंतचं हे अक्षर कुणाचं? साहेब म्हणाले, “खाली जिन्याजवळ बसतोय की. लोकांचं दाखल्याचं अर्ज लिहून देतोय.” खरं आहे. कळंब्याच्या तुरुंगात पाच वर्षं काढलेल्या कारकुनाला कचेरी परत वर घेत नाही. जिन्याजवळ बसायला मात्र कुणी अडवत नाही.

आता तुझा प्रश्न. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर आणि आमचं कोल्हापूर, या शहरांत वीस वर्षांत दर हजारी किती माणसं मेली ते तू मांडतेयस. बाकीच्या शहरांची रेघ हळूहळू खाली येते, कोल्हापूरची येत नाही, आणि वीस ते तीस वयाच्या बायकांची तर मधेच टेंगूळ आल्यासारखी वर उठते. शहर इतकं वाईट आहे का, असं तू विचारतेस.

अगं, शहर असायचं तेवढंच वाईट आहे. गोम दुसरीकडं आहे. माणूस राहतो कुठंही, पण मरतो तिथं त्याची नोंद होते. आजऱ्याकडची बाई पेटली की तिला जीपमध्ये आडवी घालून इथल्या मोठ्या दवाखान्यात आणतात. ती इथं मरते आणि आमच्या रजिस्टरात येते. म्हणजे तुझा वरचा आकडा सगळ्या जिल्ह्याचा, आणि तू त्याला ज्यानं भागतेस तो खालचा आकडा नुसत्या शहराचा. ‘राहण्याचे ठिकाण’ हा रकाना बघ आणि बाहेरच्या बायका वेगळ्या काढ. टेंगूळ खाली बसेल. ते आजऱ्यात, उचगावात जाऊन उठेल, पण तिथं मोजायला कुठलं विद्यापीठ जात नाही.

मी त्या कचेरीत सहा वर्षं होतो. रोज सकाळी दवाखान्यात जाऊन रात्रीत गेलेल्यांच्या चिठ्ठ्या आणायच्या, हे माझं काम. जळीत वॉर्ड शेवटच्या टोकाला होता. केळीच्या पानांवर ठेवलेल्या बायका, वर मच्छरदाणी. केस नसायचे, कान वितळलेले असायचे, आणि तरी पाणी मागणारा आवाज अगदी धड असायचा. पहिल्या महिन्यात मी बाहेर येऊन ओकायचो. दुसऱ्या महिन्यात तिथंच उभा राहून चहा प्यायला लागलो. माणूस कशालाही सरावतो, याचा मला आजही राग येतो.

तू झेरॉक्सवर ‘स्टोव्हचा भडका’ लिहिलेल्या प्रत्येक नोंदीला लाल गोल केलायस. एक सोडलीस. ऑगस्ट एक्क्याण्णव, नोंद क्रमांक ६१७. शालूबाई बाळासो, वय २६, राहणार उचगाव. तुझी आई, माझी धाकटी बहीण. अक्षर माझंच. तू ती सोडलीस ते बरं केलंस, तशीच राहू दे.

जोतीराम


कोल्हापूर, २ एप्रिल २००८

चि. रूपाली,

तुझं दुसरं पत्र मिळालं. बाहेरच्या बायका वेगळ्या काढल्यावर रेघ बसली, हे वाचून बरं वाटलं. अडीच पानं तू दरांवर लिहिलंस आणि शेवटी, पत्ता लिहायच्या वर, एक ओळ घातलीस: ‘आमच्या घरी स्टोव्ह होता का?’

आधी तुझ्या विद्यापीठातल्या सरांबद्दल बोलतो, ज्यांच्या हाताखाली तू हे आकडे मांडतेयस. ते म्हणतात, दोन हजारनंतर भाजून मरणाऱ्या बायका सगळ्याच शहरांत कमी झाल्या, म्हणजे समाज सुधारला. त्यांना एक आठवडा माझ्याजवळ जिन्यापाशी बसायला सांग. घरोघर गॅस आला, स्टोव्ह गेले, म्हणून स्टोव्ह रजिस्टरातनंही गेला. आता लोक माझ्याकडं येतात आणि सांगतात, “पावणं, अर्जात लिवा, हिरीवर पाय घसारला.” मागच्या महिन्यात एक सासरा आला होता. सून बावीस वर्षांची. गळ्यावर वळ कसला होता असं मी विचारलं, तर म्हणाला, “झोक्याची दोरी व्हती की.” पोटात सहा महिन्यांचं मूल असलेली बाई झोका खेळत होती! मी त्याचा कागद त्याच्या तोंडावर भिरकावला. पलीकडच्या अर्जवाल्यानं तो उचलला आणि पाच मिनिटांत लिहून दिला. रजिस्टरातली कारणं बदलतात रूपाली, बायकांची वयं तीच राहतात. तुझ्या आलेखात हे कसं दाखवायचं ते तू बघ.

माझ्या वेळी सगळा स्टोव्हचा जमाना होता. दवाखान्याच्या चिठ्ठीवर डॉक्टर लिहायचा, ‘भाजून’. पोलिसांच्या कागदावर यायचं, ‘स्टोव्हचा भडका’. मी दोन्ही जोडून रकान्यात उतरवायचो. कोल्हापूरच्या दुकानांत विकले गेले नसतील तेवढे स्टोव्ह माझ्या रजिस्टरात फुटले. आम्ही कारकून त्यावर हसायचो. ‘आज किती फुटले रे?’ असं एकमेकांना विचारायचो. चहा ठेवायचा होता की स्वतःला पेटवायचं होतं, अशी बायकांची टिंगलही करायचो. मी सुद्धा. पुढं माझीच बहीण त्या वॉर्डात आली तेव्हा केरबा नावाचा वॉर्डबॉय दारात मला आडवा झाला, म्हणाला, “जोतीराम, आज तू आत जाऊ नगंस.” त्यालाही आमचं ते हसणं ठाऊक होतं.

तुझ्या ओळीचं उत्तर: होता. पितळी, पंपाचा. पंचनाम्यात लिहिलंय.

तू बापाजवळ वाढलीस. त्याचा एक हात मी घेतला, तेव्हापासून तू घरी असलीस की त्याच्या शर्टाची बटणं तूच लावतेस, हे मला उचगावचे लोक सांगतात. त्यानं डाव्या हातानं म्हशी धुतल्या, दूध घातलं आणि तुला मुंबईपर्यंत शिकवलं. हेही मी नाकारत नाही. तुझं जे आहे ते तुझ्याजवळ राहू दे. पुढं विचारू नकोस.

जोतीराम


कोल्हापूर, २१ एप्रिल २००८

रूपाली,

या वेळी तू एकच ओळ लिहिलीस. ‘गोबरगॅस होता. मी शेण कालवायची. आजी म्हणायची, हिच्या हातानं गॅस चांगला धरतो.’

तीन दिवस ते पत्र खिशात घेऊन हिंडलो. मला वाटत होतं, सहा वर्षांची होतीस, विसरली असशील. आता लिहितो. मधे थांबलो तर परत लिहायचा नाही, म्हणून एका बैठकीत लिहितोय.

तुझ्या जन्मानंतर आईला दुसरं मूल झालं नाही. बाळासोला मुलगा हवा होता. त्याला दुसरी बायको करायची होती आणि त्यासाठी शालूची सही हवी होती, माझी हरकत नाही अशी. शालू सही देत नव्हती. तो रोज मारायचा. एकदा तिच्या दंडावर दातांचे व्रण बघितले मी. आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, “नांदत्या घरात भांड्याला भांडं लागतंयच.” मीही गप्प बसलो.

बारा ऑगस्टच्या दुपारी, तू शाळेत असताना, त्यानं तिला गोठ्यात नेलं. कंदिलासाठी रेशनचं रॉकेल कॅनमध्ये होतं. तिचे हात दाव्यानं गव्हाणीला बांधले, कागद पुढं धरला आणि म्हणाला, “अंगठा तरी उठीव.” ती त्या कागदावर थुंकली. मग त्यानं कॅन उपडा केला. दावं जळून तुटलं तेव्हा ती उठून अंगणात पळत आली. म्हशींनी खुंटे उपटले होते. तुझी आजी तानूबाई दारात उभी होती. तिनं दार आतनं लावून घेतलं.

हे मला शालूनं सांगितलं, जळीत वॉर्डात, दुसऱ्या दिवशी. ओठ नव्हते, तरी सगळं नीट सांगितलं. मी म्हणालो, “तहसीलदार जबाब घ्यायला येतील, त्यांना हेच सांग.” ती म्हणाली, “सांगतो की. भ्यालो न्हाय मी.” आपल्याकडच्या बायका बोलतात तशी, सांगतो, भ्यालो.

तहसीलदार चार वाजता आले आणि त्यांच्या मागोमाग बाळासो आला. तुला खांद्यावर घेऊन. तू शाळेच्या कपड्यांत होतीस, हातात क्रीमचं बिस्कीट. तो वॉर्डाच्या दारात, तिला बरोबर दिसेल असा उभा राहिला. तुला म्हणाला, “आईला टाटा कर.” तू केलंस. तुला ती ओळखू आली नाही, तू भलत्याच खाटेकडं बघून हात हलवलास.

शालूनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, “स्टोव्हचा भडका उडाला.”

जबाब मी पुढं कचेरीत वाचला. ‘मी स्वयंपाक करत असताना अचानक स्टोव्हचा भडका उडाला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ अचानक हा शब्द तुझ्या आईनं जन्मात उच्चारला नव्हता. दोन दिवसांनी, पंधरा ऑगस्टला, बाहेर शाळकरी पोरांची प्रभातफेरी चालली असताना ती गेली.

इथपर्यंत बाळासोचं झालं. आता माझं सांगतो. हे मी कोर्टातही सांगितलं नाही.

हवालदार उचगावला पंचनाम्याला गेला आणि बाहेर येऊन डोकं खाजवत म्हणाला, “जबाबात स्टोव्ह हाय आन् घरात न्हाय. हितं तर ग्यासची शेगडी हाय. मी काय लिवू?” आण्णा आणि मी अंगणात होतो. आण्णा उठले. ते बाळासोला म्हणाले, “पोरगी आमाला द्या. स्टोव्ह आमी आणतो.”

ऐकलंस? आमी आणतो. आण्णांचा हिशेब साधा होता. लेक तर गेली. बाप तुरुंगात गेला तर नातीला तानूबाई सांभाळणार, नाहीतर कुणीच नाही. त्यापेक्षा नात पदरात पडते आहे तर पाडून घ्या. बाळासो लगेच म्हणाला, “नेवा तेराव्याला.” चार माणसांसमोर बोलला.

मी सायकल काढली आणि लक्ष्मीपुरीतनं पितळी स्टोव्ह आणला, नवा कोरा. आमच्या परसात नेऊन दगडानं चेपवला, वरनं रॉकेल ओतून तीनदा पेटवला, पितळ काळं होईपर्यंत. बहीण दवाखान्यात शवविच्छेदनाच्या टेबलावर होती आणि मी इकडं स्टोव्हला भाजत होतो. तोच वास दोन्हीकडं. नव्या स्टोव्हबरोबर पिनांची पुडी येते, भोक साफ करायची. जुन्या स्टोव्हबरोबर ती कोरी पुडी दिसली तर संशय येईल, एवढी हुशारी मला सुचली. पुडी काढून मी खिशात घातली. स्टोव्ह उचगावला नेऊन त्यांच्या चुलीपाशी आडवा टाकला, हवालदारानं लिहून घेतला. सोमवारी कचेरीत गेलो, रजिस्टर उघडलं आणि ६१७ नंबरला माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: स्टोव्हचा भडका उडून, अपघाती. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. सवयच होती.

तेराव्याला तुला न्यायला गेलो. तुझ्यासाठी फ्रॉक नेला होता. तानूबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “आमच्या घरची पोर न्हाय द्याची. कागूद हाय का तुमच्याकडं?” बाळासो मागं पान चघळत बसला होता. तो हसला. म्हणाला, “पावणं, तक्रार कराय जाताय व्हय? जावा की. स्टोव्ह कुणी आणला त्ये बी सांगा.”

गोठ्याच्या कुडात उसाचा कोयता खोचलेला होता. पहिला घाव मी मानेवर घातला होता, त्यानं हात मधे आणला म्हणून मनगट गेलं. हात अंगणात पडला, त्याची बोटं अजून पानाचा देठ धरून होती. दुसरा घाव खांद्यावर बसला, हाडात कोयता अडकला, तो मी पाय देऊन उपसला. तिसरा डोक्यात बसला असता, पण तू घरातनं पळत आलीस आणि बापाच्या अंगावर पडलीस. तुझ्या फ्रॉकवर त्याचं रक्त उडालं. माझ्याकडं बघून तू किंचाळलीस. तेच तोंड तुझ्या लक्षात राहिलं असणार.

कोर्टात न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, का मारलंस? मी काय सांगणार? बहिणीला जाळलं म्हणावं तर जबाबात स्टोव्ह, पंचनाम्यात स्टोव्ह, रजिस्टरात माझ्याच हातचा स्टोव्ह. खोट्या पुराव्यात आण्णा अडकले असते. मी गप्प राहिलो. सगळ्या उचगावानं ठरवलं की मेव्हण्याचं डोकं फिरलं, आणि तू तेच ऐकत मोठी झालीस.

लोकांत एक-दोघं मला आजही मानतात, भावानं बहिणीसाठी हात तोडला म्हणून. ते खोटं आहे. तिला जाळलं तेव्हा मी कोयता उचलला नाही, स्टोव्ह आणला. मला फसवलं तेव्हा कोयता उचलला. एवढं तुला ठाऊक असू दे.

सोबत पिनांची पुडी पाठवतोय. अटक झाली तेव्हा ती खिशातच होती. कळंब्याला जमा झाली, सुटताना सही करून परत मिळाली. अजून फोडलेली नाही.

जोतीराम


कोल्हापूर, ९ जून २००८

चि. रूपाली,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाटही बघत नव्हतो, असं लिहिणार होतो, पण आता खोटं पुरे झालं. रोज बघत होतो.

उचगावचा आकाराम दाखल्यासाठी आला होता. तो बोलला, “बाळासोची पोरगी आलती की मम्हईस्नं. चार दिस व्हती. बापलेकीत काय झालं कुणाला ठावं न्हाय. पर पोरगी घरात असून बाळासो उघड्या शर्टानं दुधाला आलता, बटणं तशीच.” मी त्याचा अर्ज लिहिता लिहिता थांबलो. तो म्हणाला, “काय झालं वो?” मी म्हणालो, “शाई संपली.”

तर मी एक गोष्ट केलीय ती सांगतो. नोंद दुरुस्त करायचा अर्ज असतो. दुसऱ्यांचे असे अर्ज मी हजारभर लिहिले असतील, नावात काना चुकला, तारीख चुकली, असले. या वेळी स्वतःचा लिहिला. नोंद ६१७, कारणाचा रकाना. स्टोव्ह घरात नव्हता, तो मी स्वतः विकत आणला, काळा केला आणि तिथं टाकला, असं प्रतिज्ञापत्र करून वर साहेबांच्या टेबलावर ठेवलं. आण्णा जाऊन नऊ वर्षं झाली, आता अडकायचा तो मीच.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, “जोतीराम, ह्ये पोलिसांकडं जाणार. पुन्ना कळंबा बघायचाय का तुला?” मी म्हणालो, “बघितलेला हाय, साहेब. वाट चुकायचो न्हाय.”

मग ते म्हणाले, नुसत्या तुझ्या सांगण्यावर होत नाही. माहिती असलेली दोन माणसं लागतात. तू खोटी नोंद केलेला माणूस, तुझ्या शब्दाला वजन कसलं? दुसरं कोण आहे?

तानूबाई गेली, हवालदार गेला. ते घर आतनं बघितलेलं, त्या शेगडीवरचं जेवलेलं एकच माणूस उरलंय. मी तुझं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, “सहा वर्सांच्या पोरीला काय आठवतंय?” मी म्हणालो, “तिला शेण कालवलेलं आठवतं.”

तुला आधीच सांगतो, याचा तुझ्या कामाला काही उपयोग नाही. तुझे दर आहेत तेच राहतील. ती मेलेल्यांत धरलेलीच होती, तशीच राहील. मूळ नोंदही खोडत नाहीत, बाजूच्या समासात दुरुस्ती लिहितात, सही-शिक्क्यानिशी. तेवढंच. आणि त्या समासातल्या दोन ओळींसाठी तुझा बाप जाईल. सतरा वर्षं तुला ज्यानं जेवू घातलं, ज्याची बटणं तू लावलीस, तो. त्याला एकाच हाताची बेडी कशी घालतील कोण जाणे. तू आली नाहीस तर मी तुला बोल लावणार नाही. तू सहा वर्षांची असताना तुझ्यासाठी म्हणून आम्ही जे ठरवलं, त्यात तुला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारतोय.

सोमवारी, तेवीस तारखेला, अकरा वाजता साहेबांनी बोलावलंय. मी जिन्याजवळ असेन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, सरळ वर जा. ती पुडी असेल तर आण, टाकून दिली असशील तरी हरकत नाही.

साहेब तुला एकच विचारणार आहेत, घरात स्टोव्ह होता का. तू मला विचारलं होतंस तेव्हा मी होता म्हणालो. आता तू सांग.

जोतीराममामा